सातव्या खोलीचं दार

वाय-लानच्या सुनेला एक खोड होती. ती वाय-लानला इतकी खुपायची, की दोघी कामाला होत्या त्या अख्ख्या फार्मवर तिची तक्रार ऐकायची राहिलेलं एकही माणूस उरलं नव्हतं. काहीही बिघडो, कुठंही बिघडो, सिऊ-येन पहिल्यांदा तोंड उघडायची ती "माझंच चुकलं" म्हणायला. भात करपला, माझंच चुकलं. बस वेळेआधी निघून गेली, माझंच चुकलं. शेजारणीच्या कुत्र्यानं यांच्या दारात घाण केली, तर ही शेजारणीला म्हणते, "मी फाटक लावून घ्यायला हवं होतं."

"अगं, कुत्रं तिचं, घाण कुत्र्याची, आणि माफी तू मागतेस?" वाय-लान करवादायची. "उद्या भूकंप झाला तर घरोघर जाऊन सांगशील, रात्री मीच जरा जोरात कूस बदलली म्हणून."

"चुकलं, आई," सिऊ-येन म्हणायची.

आता असल्या बाईशी भांडायचं तरी कसं? भांडणाला दोन्ही बाजूंनी थोडी धार लागते. इथं म्हणजे उशीवर सुरी घासल्यासारखं.

दोघी सासू-सुना परदेशात, ॲबट्सफर्ड शहराच्या बाहेर एका मशरूमच्या फार्मवर कामाला होत्या. वाय-लान सहासष्ट वर्षांची, अकरा वर्षं तिथंच. सुनेला तिनंच चार वर्षांपूर्वी चिकटवलं होतं. बारा लांबलचक अंधाऱ्या खोल्या, प्रत्येकीत मजल्यावर मजले रचावेत तसे खताचे वाफे, आणि त्यांच्यावर पांढरी अळंबी. कपाळाला दिवा बांधायचा, हातात बोटाएवढी सुरी घ्यायची, अळंबी जरा पिळून काढायची, देठ कापायचा, पेटीत ठेवायची. टोपीवर नखाचा व्रण उमटला तरी माल वाया. सिऊ-येनच्या हाताला ते इतकं साधलं होतं, की चहाच्या खोलीतल्या फळ्यावर सगळ्यांत झपाट्यानं तोडणारीचं नाव लिहायचे, ते तीन महिने तिचंच होतं. त्या फळ्यापुढून जाताना ती मान खाली घालून जायची, पण जायची मात्र रोज, वाकडी वाट करून. वाय-लाननं ते पाहिलं होतं. बोलली नव्हती.

फार्मचा एक नियम सगळ्यात मोठा होता: दार बंद. काळी बारीक चिलटं एका खोलीतला रोग दुसरीत नेतात, म्हणून खोलीत शिरलं की दार लाव, बाहेर पडलं की दार लाव. पण दारं जड, आणि हातात पाच-पाच पेट्यांची चळत. मग काय, प्रत्येक खोलीत दाराशेजारी लाकडाचा एक ठोकळा पडलेला असायचा. पायानं सरकवून दाराखाली घातला की काम झालं. सगळ्याजणी घालायच्या. वाय-लानसुद्धा घालायची. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कबूल केलं नव्हतं, इतकंच.

त्या बुधवारी दुपारी मुकादम ब्रॅडली फेरीवर निघाला, तर सातव्या खोलीचं दार सताड उघडं आणि खाली ठोकळा. आत दिव्यांभोवती चिलटांचा नुसता धूर. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या अळंब्यांवर तपकिरी डाग आले, शुक्रवारी आठवीतल्यांवर. दोन्ही खोल्या रिकाम्या करून वाफेनं धुवायचा हुकूम निघाला.

सातवीत बुधवारी दोघीच होत्या, सिऊ-येन आणि तिची मायदेशची मैत्रीण मेई-कुन. सिऊ-येन पार मागच्या टोकाला, वरच्या वाफ्यावर शिडीवजा गाडीत बसून तोडत होती. मेई-कुन पेट्या घेऊन बाहेर गेली, दाराला ठोकळा लावला, आणि मागच्या पायऱ्यांवर बसून बहिणीशी फोनवर बोलत राहिली. पाऊण तास. बहिणीचं लग्न मोडत होतं, तेही खरं.

ब्रॅडलीनं दोघींना समोर उभं करून विचारलं, "दार कुणी उघडं ठेवलं?"

आणि सिऊ-येन इंग्रजीत म्हणाली, "प्लीज ब्लेम मी."

तिच्या गावात, तिकडे मायदेशी एनपिंगच्या बाजूला, हे असंच करतात. ताटलीत कोंबडीचा शेवटचा तुकडा उरला की कुणी तो उचलत नाही, दुसऱ्यापुढे सरकवतात. घ्या हो. नको, तुम्ही घ्या. छे छे, तुम्हीच. दोषाचंही तसंच. एकीनं म्हणायचं, माझंच चुकलं. दुसरीनं लगेच म्हणायचं, कसलं तुझं, मीच वेंधळी. तिसरीनं तिसरंच काढायचं. दोन-चार वेळा असं झालं की वडीलधारं कुणी म्हणतं, जाऊ द्या गं, आणि कुणाची अब्रू न जाता दार कुणी उघडं ठेवलं ते सगळ्यांना कळलेलं असतं.

सिऊ-येननं तुकडा पुढे सरकवला, आणि या बाबानं तो उचलून खाल्ला.

"प्रामाणिकपणाबद्दल आभार," ब्रॅडली म्हणाला, आणि त्यानं लिहून घेतलं.

आता मेई-कुननं बोलायचं होतं. पण मेई-कुनला या देशात बारा वर्षं झाली होती. ती बुटांची नाडी बांधायला खाली वाकली. तिच्या बुटांना नाडी नव्हती, रबरी बूट होते ते.

शुक्रवारी संध्याकाळी सिऊ-येनला पत्र मिळालं. सोमवारी सकाळी दहा वाजता कचेरीत यावं, काय घडलं ते आपल्या शब्दांत इंग्रजीत लिहून आणावं, त्यानंतर नोकरीचा निर्णय होईल. तोवर घरी.

"लिहून न्यायचं काय त्यात?" सिऊ-येन म्हणाली. "मी तर आधीच सांगितलंय."

"काय सांगितलंयस?"

"माझी चूक म्हणून."

"आहे का?"

सिऊ-येननं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "आई, मेई-कुननं वर्षभर मला गाडीतून नेलंय, आपली गाडी बंद पडली होती तेव्हा. तिचं नाव मी कसं घेऊ?"

"गाडीतून नेलं, खांद्यावरून नाही," वाय-लान म्हणाली. "या खोऱ्यात मशरूमचे फार्म किती, आणि मुकादम एकमेकांशी किती बोलतात, ते मला विचार. रोग आणणारी बाई म्हणून एकदा नाव झालं, की तुला कुणी रताळी धुवायलाही ठेवणार नाही. मग बस घरी, माझं तोंड बघत." त्यातलं शेवटचं वाक्य आपल्याच विरुद्ध गेलं हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवायच्या मिसेस फ्रीसन, पांढऱ्या केसांच्या, अंगानं काटकुळ्या. वाय-लान गावच्या शाळेत तीन वर्षं गेली होती, आणि त्यातलं एक वर्ष शाळेची म्हैस राखण्यात गेलं. तिला वाचायला सांगायचं मिसेस फ्रीसननी केव्हाच सोडलं होतं. ती मागच्या बाकावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायची, सगळं ऐकायची, आणि बाईंना वाटायचं त्याच्या तिप्पट तिला कळायचं.

बाईंनी सुनेचं पत्र वाचलं. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ब्लेम.

"या शब्दामागे माणूस येतो," त्या म्हणाल्या. "आधी ज्याला दोष द्यायचा तो माणूस, मग कशासाठी ते. प्रत्येकानं तीन वाक्यं करा बघू."

लेई म्हणून एक निवृत्त खानसामा वर्गात होते. त्यांनी सरकारला दोष दिला, जावयाला दोष दिला, आणि तिसऱ्या वाक्यात डाव्या गुडघ्याला.

"गुडघा चालेल का, बाई?"

"चालेल की," बाई म्हणाल्या. "गुडघ्यानं काही केलं असेल तर."

सिऊ-येननं आपली वही पुढे केली. मी स्वतःला दोष देते, दारासाठी. मी स्वतःला दोष देते, चिलटांसाठी. मी स्वतःला दोष देते, अळंब्यांसाठी.

बाईंनी तिन्ही वाक्यं दोनदा वाचली. "लिहिण्यात एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "खरी आहेत का?"

सिऊ-येन हसली. तिथं हसायचं नव्हतं, पण तिला दुसरं काही सुचलं नाही.

"आता स्वतःऐवजी दुसरं कुठलंही नाव घाला," बाई म्हणाल्या. "कुठलंही चालेल."

सिऊ-येननं पेन टेकवलं. उचललं. परत टेकवलं. कागदावर निळा ठिपका पडला, मोठा होत गेला. मागच्या बाकावर वाय-लानच्या हातातली शेंग फुटायची थांबली. जी बाई अंधारात एका तासात पन्नास पेट्या भरते, तिला एक नाव लिहिता येईना.

बाईंनी हळूच वही मिटली आणि म्हणाल्या, "घरी करा."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर वाय-लाननं स्वयंपाकघरातलं टेबल दोनदा पुसलं, सुनेपुढे कागद ठेवला आणि समोर बसली.

"लिही. माझं नाव घाल."

"कशात?"

"त्या शब्दाच्या मागे. हात मोकळा होईपर्यंत मला दोष दे. मला सवय आहे, माझ्या सासूनं मला पोत्यानं दिलाय."

"छे, आई! सासूला? कागदावर?"

"तोंडावर तुला वीस वर्षांत जमलं नाही, मग कागदावरच दे. आणि लिहिलंस की आपल्या भाषेत सांगायचं. मला फसवू नको, मला नुसतं वाचता येत नाही, ऐकायला चांगलं येतं."

सिऊ-येननं खूप वेळ घेतला. मग हळूहळू लिहिलं आणि सांगितलं, "मी आईंना दोष देते, कारण त्या टीव्ही मोठा लावतात."

"हा काय दोष? हे वय आहे. पुढचं."

"मी आईंना दोष देते, कारण... मी निवडलेली भाजी त्या दुकानात सगळ्यांदेखत परत ढिगात टाकतात, आणि दुसरी घेतात."

"किडकी उचलतेस म्हणून."

"किडकी नसते," सिऊ-येन म्हणाली. म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

वाय-लाननं भुवई वर केली. "बरं. नसते. पुढचं."

"माझी आई दोन महिने राहायला आली होती, तेव्हा तुम्ही तिला एकदाही चुलीपाशी उभं राहू दिलं नाहीत. तिला माझ्यासाठी मुळ्याची वडी करायची होती. तिनं गावाहून भांडं आणलं होतं, वाफवायचं. ते तसंच परत नेलं."

यावर वाय-लानला उत्तर होतं, चांगलं तिखट होतं, पण ते तिनं जिभेखाली धरून ठेवलं. कारण आता पेन थांबत नव्हतं. सिऊ-येन सांगायचं विसरली होती, नुसती लिहीत होती. कान लाल झाले होते. एक ओळ, दुसरी ओळ, आणि मध्येच खोडून परत जास्त दाबून.

"वाच की," वाय-लान म्हणाली.

"हे राहू द्या."

"वाच."

"एमीच्या मोडलेल्या हाताचं आहे."

वाय-लाननं टेबल पुसायचा फडका जवळ ओढला.

सहा वर्षांपूर्वी, सिऊ-येनची मुलगी एमी चार वर्षांची असताना, मागच्या अंगणातल्या आलुबुखारच्या झाडाला शिडी लावलेली होती. नात आजीच्या हवाली होती. आजी कुंपणापलीकडच्या बाईशी बोलण्यात गुंतलेली. पोर वर चढली आणि पडली, मनगट मोडलं. सिऊ-येन त्या वेळी दुकानात तांदूळ आणायला गेली होती. इस्पितळाच्या बोळात वाय-लानचा मुलगा कोक-होंग धावत आला आणि ओरडला, "लक्ष कुणाचं होतं?" तेव्हा सिऊ-येन पुढे होऊन म्हणाली, माझंच चुकलं, शिडी मीच तिथं ठेवली. तुकडा पुढे सरकवला. आणि वाय-लान वळून भिंतीवर चिकटवलेला कागद वाचत उभी राहिली. पुष्कळ वेळ वाचला तिनं तो कागद. इंग्रजीत होता.

तीन दिवस कोक-होंग बायकोशी बोलला नव्हता.

"किती ओळी झाल्या?" आता वाय-लाननं विचारलं.

"अकरा."

"पान उलटायचं असेल तर उलट."

"नको. झालं."

वाय-लान उठली. गुडघ्यांवर हात ठेवून उठली, पण आवाज मात्र गुडघ्यांसारखा नव्हता. "कोक-होंग! इकडे ये."

मुलगा बाहेरून आला, हात तेलकट, गाडीखाली होता.

"एमी शिडीवरून पडली तेव्हा तिथं मी होते. माझं लक्ष नव्हतं. ही दुकानात होती."

"कधीची गोष्ट काढलीस, आई?"

"सहा वर्षांपूर्वीची. आज सांगतेय. ऐकून घे, परत सांगणार नाही."

कोक-होंगनं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. "तू घरात नव्हतीस?"

"अहो, तसं नाही, माझंच..."

वाय-लाननं टेबलावर हात आपटला. चहाचे पेले वाजले. "हिला आज हे वाक्य बोलायची बंदी आहे," ती मुलाला म्हणाली. "तू हात धू आणि हिच्यासाठी चहा ठेव. मला पण ठेव."

कोक-होंग उभाच राहिला. मग हात न धुताच बायकोच्या खांद्यावर ठेवला, सदऱ्यावर काळे डाग पडले, आणि त्या दिवशी त्या डागांसाठी कुणी कुणाला काही बोललं नाही.

चहा पिता पिता सोमवारचा कागद लिहून झाला. त्यात ब्लेम हा शब्द कुठंच लागला नाही. बुधवारी कोण कुठं होतं. ठोकळा कुणी लावला. दार किती वेळ उघडं राहिलं. ब्रॅडलीनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, कारण आमच्याकडे मैत्रिणीला सगळ्यांदेखत पुढे ढकलत नाहीत. मेई-कुनचं नाव एकदा आलं. ते लिहिताना सिऊ-येननं डोळे मिटून घेतले होते, तरी सरळ ओळीत आलं.

"आणि लिही," वाय-लान म्हणाली, "की ठोकळा सगळ्याच खोल्यांत लावतात. मीही लावते. माझं नाव घाल."

"आई, तुमची नोकरी?"

"घाल म्हटलं ना. आत्ता एवढा सराव झालाय माझ्या नावाचा."

सोमवारी दहाला सिऊ-येन कचेरीत गेली. वाय-लान बाहेर चहाच्या खोलीत बाकावर बसली, फळ्यासमोर. थोड्या वेळानं मेई-कुन आली. तिलाही बोलावणं होतं. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"मावशी," ती पुटपुटली, "तिनं माझं नाव लिहिलं का?"

"लिहिलंय. माझंही लिहिलंय. तुझी एकटीची वरात नाही निघालेली."

"मी बोलणारच होते, मावशी."

"केव्हा? नव्या अळंब्या उगवल्यावर?"

मेई-कुनच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या बहिणीचा नवरा निघून गेलाय. त्या दिवशी ती रडत होती. मला दार आठवलंच नाही."

वाय-लाननं खिशातून मूठभर शेंगा काढल्या आणि बाकावरून तिच्याकडे सरकवल्या. "मग आत जाऊन तेच सांग. खरं कारण आहे, चांगलं आहे. लाजायचं होतं ते गप्प बसल्याबद्दल. आणि त्यात तू एकटी नाहीस."

"म्हणजे?"

"शेंगा खा."

अर्ध्या तासानं दार उघडलं. सिऊ-येन बाहेर आली, पाठोपाठ ब्रॅडली. त्याच्या हातात प्लास्टिकची बादली, बादलीत ठोकळे. बारा खोल्यांतून सतरा निघाले होते. त्यानं हळूहळू, शब्द मोकळे करत सांगितलं: दारांना आता पायानं उघडायची कडी बसवणार. ठोकळा पुन्हा दिसला तर वाय-लानसकट सगळ्यांना लेखी ताकीद. सिऊ-येननं उद्यापासून चौथ्या खोलीत यायचं. पुन्हा कधी काही झालं तर दयाळूपणा न करता जे झालं ते सांगायचं. आता मेई-कुननं आत यावं.

मेई-कुन उभी राहिली. चेहरा वाफेनं धुतलेल्या खोलीसारखा झाला होता. ती सिऊ-येनजवळून जायला लागली, आणि सिऊ-येननं तिची बाही धरली.

"मेई-कुन, मनाला लावून घेऊ नकोस गं," ती घाईघाईनं म्हणाली. "माझंच चुकलं, मी तुझं नाव..."

"थांब!" वाय-लान बाकावरून उठली. एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की भाषा कळत नसताना ब्रॅडलीसुद्धा बादली घेऊन जागीच थांबला. "सिऊ-येन, इकडे बघ. सातव्या खोलीचं दार तुझी चूक नव्हती. चिलटं तुझी चूक नव्हती. पोरीचा हात तुझी चूक नव्हती, ती माझी होती. पण हे आत्ता जे बोललीस ना, पोरी, ती मात्र तुझी चूक. सगळीच्या सगळी तुझी, आणि तिच्यात मी कुणाला वाटेकरी होऊ देणार नाही!"